छापचित्रं, प्रदर्शन आणि बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात लिनो (जमिनीवर अंथरतात त्या लिनोलियमचा कोरता येणारा तुकडा) आणि लाकडी ठशांवरून छापचित्रं काढते. वर्षाला एखादं प्रदर्शन आणि थंडीच्या मोसमात दोन-तीन बाजार असा साधारण क्रम असतो. या दोन्ही ठिकाणी आणि नंतर मेसेजवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न चित्र विकत घेणाऱ्यांचे आहेत, काही नुकत्या छापायला लागलेल्या मुलामुलींचे. मुद्दामच ते वेगळे काढलेले नाहीत. काम कसं होतं हे घेणाऱ्याला कळलेलं बरं, आणि घेणाऱ्याच्या मनात काय चाललेलं असतं हे करणाऱ्याला.

ही प्रिंट आहे, मग मूळ चित्र कुठे आहे?

मूळ चित्र म्हणून वेगळं काही नसतं. तुमच्या हातात आहे तीच मूळ कलाकृती. मी कागदावर किंवा कॅनव्हासवर आधी चित्र रंगवून त्याची नक्कल करत नाही. लिनोवर रेघा ठरवते, उलट्या कोरते, शाई लावते आणि कागदावर छाप घेते. चित्र पहिल्यांदा दिसतं ते छाप उचलल्यावरच.

हा प्रश्न मराठी घरात येणं अगदी साहजिक आहे. छापील चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देवघरातली लक्ष्मी-सरस्वती येते. पुण्यात चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये सुरू झाला, राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रविवर्म्यांच्या चित्राची नक्कल तिथे दगडावर उतरवली जाई, एकेका रंगाला वेगळा दगड, आणि एकावर एक रंग चढवून प्रती निघत. ती कारीगरी फार मोठी होती, आजही भिंगाखाली ती चित्रं पाहताना थक्क व्हायला होतं. पण तिथे रंगवलेलं चित्र आधी होतं आणि छापील प्रती नंतर. छापचित्रकाराच्या कामात रंगवलेल्या चित्राची ती पायरीच नसते, ठसा हाच त्याचा कॅनव्हास.

डिजिटल प्रिंट आणि हाताने काढलेली छाप यांतला फरक कसा ओळखायचा?

भिंग घेऊन पाहा. यंत्रावर छापलेल्या चित्रात रंगीत ठिपक्यांची जाळी किंवा बारीक फवारा दिसतो. लिनोच्या छापेत रंग सलग असतो, आणि रेघेच्या कडेला शाई किंचित दाबली जाऊन तिची उंच कड तयार झालेली असते. एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने खोदलेल्या रेघांतून छापतात तेव्हा, त्या पत्र्याच्या कडांचा चौकोन कागदात दबलेला दिसतो.

माझ्या स्टॉलवर मी लोकांना प्रत उलटी करून बघायला सांगते. हाताने घासून काढलेली छाप असेल तर मागच्या बाजूला चमच्याच्या फेऱ्यांची चकाकी उमटलेली असते. जिथे काळा भाग मोठा, तिथे फेऱ्या दाट; जिथे बारीक काम, तिथे त्या आखूड आणि जपून घातलेल्या. कुठे किती जोर लावला तो सगळा हिशेब त्या पाठीवर वाचता येतो. समोरच्या चित्रापेक्षा मागची बाजू जास्त वेळ बघत उभी राहणारी माणसं मला भेटली आहेत, आणि बहुतेक ती प्रत घेऊनच जातात.

चित्राखाली पेन्सिलीने ३/२० लिहिलंय, त्याचा अर्थ काय?

या ठशावरून एकूण २० प्रती काढल्या आहेत आणि तुमच्या हातात त्यातली तिसऱ्या क्रमांकाची आहे. डावीकडे क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही आणि साल, ही जगभर रुळलेली पद्धत. पेन्सिल अशासाठी की ती उडत नाही, ओलाव्याने पसरत नाही आणि कागदाच्या तंतूंत बसते.

२० हा आकडा म्हणजे मी घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे. या धंद्यात याहून महत्त्वाचं काही नाही असं मला मनापासून वाटतं. ठसा माझ्याकडे असतो, शाई माझ्याकडे असते, एकविसावी प्रत काढली तर कोणाला कळणारही नाही. म्हणूनच तो शब्द पाळायचा. माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक ठशाचं नाव, कागद, शाईचं मिश्रण, किती प्रती, कोणता क्रमांक कुठे गेला, कितीला गेला, हे सगळं त्यात असतं. एडिशन, म्हणजे एका ठशाच्या ठरवलेल्या सगळ्या प्रती, पुरं झालं की ठशावर आडवी खोल रेघ मारते आणि त्या रेघेसकट एक छाप काढून वहीत ठेवते. त्यानंतर त्या ठशावरून पुन्हा छापायचं ठरवलं तरी ती रेघ उमटणारच.

प्रतींची मर्यादा न ठरवता, क्रमांक न घालता छापणं हेही चालतं. त्याला ओपन एडिशन म्हणतात. माझी लहान भेटकार्डं तशी असतात, आणि तसं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं. दोन्ही प्रकार प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक तेव्हा होतं, जेव्हा २० चा आकडा घालून झाल्यावर तेच चित्र दुसऱ्या मापात नवं एडिशन म्हणून छापलं जातं आणि घेणाऱ्याला सांगितलं जात नाही.

काही प्रतींवर ए.पी. असं असतं, ते काय?

आर्टिस्ट प्रूफ. एडिशनच्या बाहेर छापचित्रकार स्वतःसाठी ठेवतो त्या प्रती. साधारण एडिशनच्या दहा टक्के ठेवण्याचा रिवाज आहे, म्हणजे २० ला दोन. त्या दर्जाने कमी नसतात.

पहिला क्रमांक जास्त चांगला का?

लिनोत नाही. वीस-तीस प्रतींत लिनो झिजत नाही, आणि क्रमांक घालताना छापण्याचा क्रम पाळलाच जातो असंही नाही. वाळलेल्या प्रतींचा गठ्ठा पुढे घेऊन सलग सह्या केल्या जातात. ड्रायपॉइंटमध्ये मात्र फरक पडतो. सुईने पत्रा ओरखडताना कडेला धातूची जी लव उभी राहते ती शाई धरते आणि रेघेला मखमली काळेपणा देते. प्रेसच्या (छापयंत्राच्या) दाबाने ती लव लवकर चपटी होते, त्यामुळे सुरुवातीच्या प्रती जास्त भरदार येतात.

एकाच ठशावरून इतके रंग कसे आणता?

या पद्धतीला रिडक्शन म्हणतात. आधी पांढरं राहायचं तेवढंच कोरायचं आणि सगळ्या कागदांवर सर्वांत फिका रंग छापायचा. मग ठसा धुऊन, जिथे तो फिका रंग राहायला हवा तेवढा भाग कोरून टाकायचा, आणि त्याच कागदांवर दुसरा रंग. पुन्हा कोरायचं, तिसरा रंग. शेवटच्या गडद रंगापर्यंत येईतो ठशावर फार थोडं उरलेलं असतं.

यात मागे जाता येत नाही. दुसरा रंग कोरला की पहिल्या रंगाचा ठसा कायमचा गेला. म्हणून किती प्रती काढायच्या ते पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, आणि वाया जाणाऱ्या धरून कागद जास्त घ्यावे लागतात. २० चं एडिशन हवं असेल तर २६-२८ कागदांवर पहिला रंग छापा. दर रंगाला एखादा कागद सरकतो, एखाद्यावर बोट उमटतं. शिकणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं: कागद बसवण्याच्या खुणांवर एक अख्खा दिवस घालवा. जपानी लाकूडठशांत ठशाच्याच कडेला दोन खाचा कोरतात, एक कोपऱ्यासाठी आणि एक सरळ कडेसाठी, आणि दर वेळी कागद त्यांतच टेकवतात. लिनोला पुठ्ठ्याची चौकट करून तेच साधता येतं.

दोन रंगांमधे शाई वाळायला हवी. पूर्ण कोरडी झाली तर पुढचा रंग नीट धरत नाही, ओली राहिली तर खालचा रंग उचलून येतो. बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच टेकून बघायचं, चिकट लागेल पण डाग पडणार नाही, अशा वेळी पुढचा रंग घ्यायचा.

शाई किती लावायची?

काचेवर शाई लाटताना तिचा आवाज ऐका. जास्त असली तर रोलर चपचप वाजतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. बेताची असली की एकसारखी बारीक सरसर ऐकू येते. त्या सरसरीवर आला की ठशावर पातळ थर चढवा, पुन्हा काचेवर, पुन्हा ठशावर. एका जाड थरापेक्षा चार पातळ थर केव्हाही चांगले. जाड थराने बारीक रेघा बुजतात आणि चित्र आंधळं होतं.

कागद कोणता वापरता?

बहुतेक कामाला सुती हातकागद. पुण्याला शिवाजीनगरमध्ये हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद हातात घेतला की गिरणीच्या कागदापेक्षा त्याचे तंतू किती लांब आहेत ते जाणवतं, आणि तो शाईही छान पितो. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यातही पिढ्यान्‌पिढ्या कागद करणारी माणसं आहेत. हाताने घासून छापायचं असेल तर पातळ आणि चिवट कागद लागतो. नेपाळी लोकता किंवा जपानी कागद त्याला उत्तम. प्रेसवर छापताना २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) जाड कागद चालतो.

विकायच्या कामासाठी आम्लमुक्तच कागद घ्या. साध्या ड्रॉइंग शीटवर चार पैसे वाचतात, पण तो काही वर्षांत पिवळा पडून कडेने चुरा होऊ लागतो. ज्याने पैसे मोजून चित्र घेतलं त्याच्या भिंतीवर ते व्हायला नको.

प्रेस नसेल तर?

लिनो आणि लाकडाला प्रेस लागतच नाही. लाकडी चमच्याची पाठ पुरते. एचिंगला मात्र प्रेसशिवाय गत्यंतर नाही, कारण तिथे खाचेतली शाई ओल्या कागदाने खेचून घ्यायची असते.

पावसाळ्यात काय करता?

कोरते. जून ते सप्टेंबर हे ठसे करायचे महिने, छापायचे नव्हेत. तेलाची शाई या हवेत वाळता वाळत नाही, कागद ओलावा धरून फुगतो, आज खुणांत बरोबर बसलेला कागद उद्या मिलिमीटरभर मोठा असतो आणि रंग सरकतात. साठवलेल्या कागदांवर तपकिरी ठिपके पडतात ते बहुधा बुरशीचे. कागद भिंतीला आणि फरशीला लागून ठेवू नका, मधे हवा खेळू द्या, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ऊन पडलं की कपाट उघडा. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत असाल तर पुण्यापेक्षा दुप्पट काळजी घ्या.

प्रदर्शनाची तयारी कधीपासून करावी?

दालन मिळण्यावर पहिलं गणित. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली, आणि तिथे भिंत मिळावी ही प्रत्येकाची इच्छा असते, त्यामुळे अर्ज आणि प्रत्यक्ष तारीख यांत वर्षं जातात. अर्ज करून ठेवा आणि कामाला लागा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारातलं कलादालन महापालिकेचं आहे. तिथला मोठा फायदा असा की नाटकाला आलेली माणसं तिसऱ्या घंटेच्या आधी सहज आत डोकावतात. एरवी कुठल्याही गॅलरीच्या दारातून आत न गेलेली ही माणसं असतात, आणि छापचित्रांना नेमकी तीच हवीत.

तारीख पक्की झाली की आधी भिंत मोजा. लांबी, उंची, खिळे मारता येतात की वरून दोऱ्या सोडायच्या, दिवे कुठे पडतात. घरी येऊन जमिनीवर सुतळीने तेवढी लांबी आखा आणि प्रती मांडून बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाला मान वर-खाली करावी लागत नाही. छापचित्रं आकाराने लहान असतात, म्हणून भिंत भरायचा मोह होतो. आवरा. लोक चित्रापासून हातभर अंतरावर येऊन बघतात, त्यांना उभं राहायला आणि शेजारच्याला धक्का न लागायला जागा हवी. मी दर प्रदर्शनात एका टेबलावर कोरलेला ठसा, त्याची एक छाप, कटर आणि रोलर ठेवते. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते, आणि तिथून उठलेला माणूस भिंतीवरची चित्रं वेगळ्या नजरेने बघतो.

शेवटची छाप उद्घाटनाच्या निदान महिनाभर आधी निघालेली असावी. अर्धवट वाळलेली तेलाची शाई काचेमागे बंद केली तर काचेच्या आतल्या बाजूला तेलकट धूसरपणा धरतो आणि सगळ्या फ्रेमा पुन्हा उघडाव्या लागतात. फ्रेमवाल्यालाही दोन आठवडे द्या. गणपती-दिवाळीच्या दिवसांत त्याहून जास्त.

चित्राखालच्या पट्टीवर एवढं असू द्या: नाव, माध्यम, कागदाचं माप, साल, एडिशन, किंमत. किंमत लपवू नका. विचारायला लाजणारी पुष्कळ माणसं न विचारता निघून जातात.

सगळ्याच चित्रांना फ्रेम करावी का?

भिंतीवरच्या एका प्रतीला करा, बाकीच्या सुट्या ठेवा. ज्याला फ्रेमसकट हवं त्याला भिंतीवरचं, ज्याला परवडत नाही किंवा गाडीतून न्यायचं आहे त्याला सुटी प्रत. छापचित्राचा हाच तर मोठेपणा आहे की तेच चित्र दोघांच्या घरी जाऊ शकतं.

फ्रेम करताना दोन गोष्टी फ्रेमवाल्याला बजावून सांगा, आणि शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या. एक, प्रत कशालाही सरळ डकवायची नाही आणि सेलोटेप कुठेही लावायची नाही. जपानी कागदाचे दोन छोटे तुकडे बिजागरीसारखे घडी घालून, गव्हाच्या सत्वाच्या खळीने, फक्त वरच्या कडेला मागून चिकटवायचे. प्रत लटकलेली राहते, हवेप्रमाणे पसरते-आक्रसते, आणि उद्या काढायची झाली तर पाण्याचा हात लावून निघते. दुसरं, काच कागदाला टेकता कामा नये. मधे माउंट (चित्राभोवतीची खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) हवा, किंवा माउंट नको असेल तर कडेला पट्टी. आणि माउंटची खिडकी एवढी मोठी कापा की पेन्सिलीचा क्रमांक आणि सही दिसली पाहिजे. झाकलेली सही बघून फार वाईट वाटतं.

किंमत कशी ठरवता?

हे नव्याने करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण यावर कोणी उघड बोलत नाही.

समजा ए-फोर मापाचा ठसा, २० चं एडिशन. कागद, लिनो, शाई, वाया गेलेलं धरून २,५०० रुपये. कोरायला चार दिवस, छापायला दोन. दिवसाचे २,००० धरले तर मजुरी १२,०००. जागेचं भाडं, वीज, हत्यारांची झीज यांचा वाटा २,५००. झाले १७,०००. २० ने भागलं तर प्रतीला ८५०. इथे थांबलात तर बुडालात. वीसच्या वीस प्रती लगेच विकल्या जात नाहीत. बारा जातील असं धरून सगळा खर्च त्या बारांतून निघायला हवा, म्हणजे प्रतीला साधारण १,४००. गॅलरी एक तृतीयांश कमिशन घेत असेल तर तुमच्या हातात १,४०० पडायला किंमत २,१०० हवी. काही गॅलऱ्या निम्मंही घेतात, तेव्हा करार आधी वाचा.

तर किंमत २,१००. आणि हीच किंमत सगळीकडे.

प्रदर्शनात आणि स्टॉलवर किंमत वेगळी असते का?

नाही. गॅलरीत २,१०० ला घेतलेली प्रत पुढच्या महिन्यात बाजारात १,४०० ला दिसली, तर पहिल्या माणसाचा विश्वास गेला आणि गॅलरीचाही. बाजारात कमिशन जात नाही, पण स्टॉलचं भाडं, प्रवास आणि उभं राहायचे दिवस जातात. स्वस्त हवं असेल त्यांच्यासाठी लहान ठसे असतात: पोस्टकार्डाएवढी छाप, भेटकार्ड, पुस्तकखूण. त्या वस्तू मुळातच कमी कामाच्या आहेत, म्हणून कमी किमतीच्या.

थोडं कमी करा ना?

क्रमांकाच्या प्रतींवर नाही करत, आणि राग मात्र अजिबात येत नाही. बाजारात विचारायचंच असतं. दोन घेतल्या तर एक कार्ड सोबत देते. विद्यार्थी असाल तर हप्त्याने द्या. प्रत बाजूला काढून तुमचं नाव लिहून ठेवते, शेवटचा हप्ता आला की न्यायची.

कोणत्या बाजारांत जावं?

मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो, जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुमाराला. तिथल्या स्टॉलसाठी अर्ज बरेच आधी जातात आणि निवड होते. पुण्यात हिवाळ्यात भीमथडी जत्रा असते, पण ती मुख्यतः बचत गटांच्या महिलांची आहे. कलाकारांनी तिथे आधी नुसतं हिंडून यावं. गोव्यात हणजुण्याचा बुधवारचा बाजार पर्यटकांच्या मोसमात चालतो. पर्यटकाला बॅगेत मावेल असंच हवं असतं, त्यामुळे तिथे पोस्टकार्डाएवढे ठसे जातात आणि मोठं काम परत येतं. शहराशहरांतले छोटे झीन (स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिका) मेळावे मला सर्वांत आवडतात. भाडं कमी, आणि आलेल्या माणसाला कागदाचं प्रेम असतं.

भाड्याचा एक ठोकताळा: एका दिवसाचं भाडं तुमच्या दोन-तीन मोठ्या प्रतींच्या किमतीत निघत नसेल तर तो बाजार अजून तुमच्यासाठी नाही.

स्टॉलवर काय काय न्यावं?

प्रत्येक प्रत मागे जाड पुठ्ठा घालून पारदर्शक पाकिटात. चाळून बघता येईल असा उघडा खोका, कमरेच्या उंचीवर. माणसं भिंतीवरच्या चित्रापेक्षा खोक्यातल्या चित्रांपाशी जास्त रमतात, कारण हात लावायची परवानगी असते. मागे एक जाळी किंवा फळी, तीवर चार-पाचच मोठी कामं. संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा चिमटे आणि वजनं. प्लास्टिकचा मोठा कागद, अवकाळीसाठी. स्वतःचा दिवा, कारण आयोजकांचा दिवा बहुधा तुमच्या डोक्यावर पडतो, चित्रांवर नाही. क्यूआर कोड दोन ठिकाणी, आणि तरीही सुटे पैसे: गर्दीत नेटवर्क बसतं आणि आजी-आजोबांकडे रोख असते. मोठी प्रत न्यायला पुठ्ठ्याची नळी. आणि सोबत एक माणूस हवाच, नाहीतर दिवसभर जेवण होत नाही.

एक लहानसा ठसा आणि रोलर न्या. दुपारी गर्दी ओसरली की छापायला बसा. मुलं आधी येतात, मग आईवडील. मुलांना स्वतः कागद उचलू द्या. छाप उलटी होते, नाव लिहायचं तर अक्षरं उलटी कोरावी लागतात, हे कळल्यावर त्यांच्या तोंडावर जे येतं त्यासाठी बाजार करावेत.

फोटो काढला तर चालेल?

चालेल. नाव लिहा एवढंच.

लग्नपत्रिकेसाठी किंवा वास्तूसाठी ठसा करून द्याल का?

हो, तीन महिने आधी सांगितलंत तर. देवदेवतांचे आणि घराचे ठसे आनंदाने करते. दुसऱ्या कलाकाराच्या चित्रावरून करून देत नाही.

बिल आणि जीएसटीचं काय?

बिल प्रत्येकाला देते. मूळ छापचित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, पण परराज्यात विक्री किंवा स्टॉल असेल तर नियम वेगळे लागू होऊ शकतात. जायच्या आधी सीएंना विचारा. बिलासोबत मी एक सहीचा कागद देते: चित्राचं नाव, माध्यम, कागद, एडिशन, क्रमांक, आणि ठसा रद्द केल्याची तारीख.

घरी लावताना काय काळजी घ्यावी?

थेट ऊन नको, बाथरूमची सामाईक भिंत नको, पावसाळ्यात बाहेरची भिंत नको. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांत हवा राहते.

एडिशन संपलं, तरी एक काढून द्या ना?

नाही काढता येणार. ज्या वीस जणांनी प्रत घेतली त्यांना मी वीसच सांगितल्या होत्या. तुमचं नाव वहीत लिहून ठेवते. कधी कोणी घर बदलतं, कोणाला प्रत विकायची असते, तेव्हा दोघांची गाठ घालून देते.

मला शिकायचंय. सुरुवात कशी करू?

कलामहाविद्यालयात जायचं असेल तर मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय आहे, १८५७ पासूनचं. शिक्षण झाल्यावर प्रेस वापरायला मिळावा म्हणून बडोद्याचं 'छाप', भोपाळचं भारत भवन, दिल्लीचे गढी स्टुडिओ अशा जागा आहेत. मुंबईत अंधेरीला राहून चित्रकार चित्तप्रसाद यांनी कष्टकरी मुलांवर जे लिनोकट केले ते मिळतील तिथे बघा. काळ्या-पांढऱ्या दोनच रंगांत, साध्या लिनोवर किती सांगता येतं ते त्यात आहे.

घरी सुरू करायचं तर लिनोचा एक छोटा तुकडा, व्ही आणि यू आकाराच्या टोकाचा एकेक कटर, एक रबरी रोलर, काळ्या शाईची एक नळी, जुनी काच, लाकडी चमचा. लिनो जवसाचं तेल आणि बुचाच्या भुग्यापासून करतात, १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तो जमिनीवर अंथरायला निघाला. थंडीत तो कडक होतो आणि कटर सटकतो, म्हणून कोरायच्या आधी थोडा वेळ उन्हात ठेवा. ठसा धरणारा हात नेहमी कटरच्या मागे ठेवा, पुढे कधीच नाही. पहिला ठसा तळहाताएवढा करा आणि त्यात अक्षर कोरू नका. पान, मासा, घरातली किटली, असं काहीतरी समोर ठेवून काढा. पहिल्या पाच छापा फिक्या येतील, लिनो अजून शाई पीत असतो. सहाव्यापासून बघा.